तीन फुटांचा पट्टा

सकाळी आठ वीसला बाबा आपल्या घराला कुलूप लावत आणि आठ पंचवीसला लेकीच्या दारात हजर असत. मधली पावलं दोनशे चाळीस. ती त्यांनीच मोजून ठेवली होती, कारण डोळ्यांवर आता त्यांची भिस्त राहिली नव्हती. नजरेच्या मधोमध पडदा येतोय, कडेकडेचं तेवढं दिसत राहील, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून समोरच्या माणसाला बघायचं असलं की ते मान जराशी बाजूला वळवायचे. ओळख नसलेल्याला वाटायचं, म्हातारा रुसलाय.

नातीला मात्र तसं काही वाटत नसे. पावणेतीन वर्षांची ती चिमणी आठ वाजल्यापासून गॅलरीच्या गजांना नाक लावून उभी राही. ती बाबांना आबा म्हणे. आबांची वसाहत संपते तिथे तारेचं कुंपण होतं, आणि त्यात कोणी तरी कधी तरी तार वाकवून एक माणूस जाईल एवढी वाट केलेली होती. त्या वाटेतून आधी काठी यायची, मग टोपी, मग आबा. टोपी दिसली की चिमणी ओरडायची, आणि मग आईला ऑफिसची पिशवी उचलायला मोकळीक मिळायची.

आई म्हणजे बाबांची ही लेक. महापालिकेच्या नगररचना खात्यात नकाशे काढायची. ऑफिसात सगळ्यात बारीक नजर तिची, असं सगळे म्हणत. घरी तीच नजर तिला छळायची. खिडकीची कडी, गॅसचं बटण, पोरीच्या तोंडातला मणी. दिवसातून पन्नास वेळा ती उठून तपासायची. बाबा आले की ते तपासणं जरा थांबायचं. बाबांना दिसत कमी असलं तरी पोरगी त्यांच्या हाताला धरून असायची, आणि चाळीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या त्या हाताची पकड अजून सैल पडली नव्हती.

शिवाय तिला माहीत होतं की ही सोय पोरीपेक्षा बाबांची जास्त आहे. तिची आई वारल्यावर त्यांना घराबाहेर पडायला एवढं एकच कारण उरलं होतं. रोज कोणी तरी आपली वाट बघतंय आणि आपण आपल्या पायांनी तिथवर जाऊन पोचतो, यावर तो माणूस उभा होता.

म्हणून त्या सोमवारी कुंपणाच्या कडेने कोणी तरी चुन्याची रेघ ओढलेली दिसली तेव्हा ती बसस्टॉपकडे न जाता थेट सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंच्या दारात गेली.

"भिंत घालायचीय," काकू म्हणाल्या. एका हातात ब्रश, अर्धे केस रंगवलेले. "आठ फूट. वर काचा. बिल्डरच घालून देतोय, आपल्याला काही करायचं नाही."

"पण काकू, तिथून रस्ता आहे."

"कुठला रस्ता? तार वाकवून घुसतात ते. परवा माझ्या दारातून चपला गेल्या. नव्या चपला!"

"माझे बाबा येतात तिथून रोज."

"अगं, तुझ्या बाबांना कोण काय म्हणतंय? त्यांनी फाटकातून यावं. रीतसर. वॉचमनला सांगून ठेवू आपण."

"फाटकातून यायचं म्हणजे हायवेला जाऊन यायचं. साडेतीन किलोमीटर होतात, काकू."

काकूंनी ब्रश वाटीत बुडवला. "आपण सगळ्यांनी इथे घर का घेतलं? एकच फाटक, आत परकं कुत्रं येत नाही म्हणून. तू पण त्यासाठीच घेतलंस ना?"

तिने त्यासाठी घेतलं नव्हतं. तिने घेतलं नकाशा बघून. चार वर्षांपूर्वी बिल्डरच्या गृहप्रकल्पाच्या या तिसऱ्या टप्प्याचा ले-आउट मंजुरीला आला तेव्हा शहराच्या मोठ्या नकाशात तो तिनेच बसवला होता. जुन्या वसाहतीची गल्ली आणि नव्या टप्प्याची गल्ली एकमेकींना मिळताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघितली होती. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली होती, "इथे घर घेऊ. बाबा चालत येतील." नवरा म्हणाला होता, "लोक देऊळ, शाळा, बाजार बघून घर घेतात. माझी बायको दोन रेघा बघून घेते." आणि घेतलं.

"काकू, तो मंजूर रस्ता आहे," ती आता ठासून म्हणाली. "नकाशा मीच काढलाय. तिथे भिंत घालताच येणार नाही. उद्या कागद आणून दाखवते."

"आण बाई," काकू म्हणाल्या. "मी पण कागदाबाहेरची नाही."

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने अण्णांना गाठलं. अण्णा खात्यातले सगळ्यात जुने नकाशावाले. शाईच्या पेनाने कापडावर रस्ते काढण्याच्या काळापासूनचे. निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि ते सातही महिने टेबलावरच्या कॅलेंडरवर कापत बसलेले असायचे.

"अण्णा, तिसऱ्या टप्प्याची मूळ फाईल हवीय. बिल्डरने दिलेला नकाशा."

"आपला आहे की पडद्यावर."

"मूळ हवा. सही-शिक्क्याचा. एका बाईंच्या तोंडावर मारायचाय."

"मग जाड पुठ्ठ्यावरचा देतो," म्हणत अण्णा उठले.

फाईल आली. तिने नकाशा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर पंच, स्टेपलर, डबा, मोबाईल ठेवला आणि गल्लीच्या टोकावर बोट नेलं. गल्ली हद्दीपर्यंत येत नव्हती. हद्दीच्या अलीकडे थांबत होती. गल्लीचं टोक आणि हद्द यांच्यामध्ये दोन बारीक रेघा, आणि त्यांच्यामध्ये मुंगीच्या अक्षरात मीटरमधला आकडा. शून्य पॉइंट नऊ. तीन फूट. बाजूला लिहिलेलं: खाजगी मालकीचा पट्टा, मालकाकडे राखीव.

"हा पट्टा होता?" तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "असतोच. हुशार बिल्डर ठेवतातच. रस्ता शेजाऱ्याला टेकू द्यायचा नाही. तीन फूट जमीन आपल्या नावावर ठेवली की पलीकडचं जग बंद. मग जाहिरातीत लिहायला मोकळे, एकच फाटक."

"पण माझ्या नकाशात..."

तिने पडदा उघडला. पडद्यावर दोन्ही गल्ल्या एकमेकींना मिळालेल्या होत्या. एक सरळ, स्वच्छ रेघ. पट्ट्याचा मागमूस नाही.

तिला कळायला क्षणभर वेळ लागला, मग तिने खुर्ची ओढली. वेगवेगळ्या मोजणीदारांचे नकाशे एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुठे हातभर फट राहते, कुठे रेघ रेघेवर चढते. म्हणून संगणकाला सांगून ठेवलेलं असतं की एक मीटरच्या आत दोन टोकं दिसली की ती चूक समज आणि जोडून टाक. खात्यातला प्रत्येक जण तसंच करायचा. नाही केलं तर नकाशाभर भोकं दिसायची आणि साहेब ओरडायचे. संगणकाने त्या दिवशीही तेच केलं होतं. नव्वद सेंटिमीटरची फट बघितली, चूक समजला, दोन्ही गल्ल्या चिकटवल्या. तिने वरून नजर फिरवली होती. सगळं जुळलेलं दिसत होतं. जुळलेलं दिसलं की माणूस शोधत नाही.

"अण्णा, मंजुरीच्या वेळी आपण अट घालतो ना? शेजारच्या रस्त्याला जोड द्या म्हणून?"

"घालतो. जोड नसली तर."

"आणि नकाशात जोड दिसत होती."

अण्णांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावरचा डबा उचलला आणि कागदाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला.

तरी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. ऐकून घेताना पेन बंद करून ठेवायची त्यांना सवय होती.

"इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला देऊन झालाय," ते म्हणाले. "आता त्या तीन फुटांवर आपला काय हक्क? मालकाची जागा, मालकाची भिंत."

"चूक आपली आहे, सर. माझी आहे."

"कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग चूक कशी?" त्यांनी पेन उघडलं. "घरी लहान मूल आहे तुम्हाला. डोक्याला ताप करून घेऊ नका. पाळणाघरं निघालीत आता चांगली."

भिंत बुधवारी सुरू झाली आणि शनिवारी पुरी झाली. तिने काकूंना कागद दाखवला नाही. काकूंनीही विचारलं नाही, जिन्यात भेटल्या तेव्हा फक्त म्हणाल्या, "केस बघ गं, नीट बसलाय ना रंग?" आणि तिने बसलाय म्हणून सांगितलं.

बाबांना खरं काय ते सांगायला तिला रविवार उजाडला. भिंत झाली एवढं त्यांना कळलं होतं, त्यांनी हात लावून बघितली होती. चूक तिची, हे तिने सांगितलं. ते गुडघा चोळू लागले.

"म्हणजे संगणकाला वाटलं, दोन रस्ते इतके जवळ आलेत म्हणजे भेटणारच," ते म्हणाले.

"हो."

"बरोबरच आहे की त्याचं. माणसासारखा विचार केलान."

मग त्यांनी जाहीर केलं की ते फाटकातून येणार. तिने हात जोडले, नवऱ्याने रजा काढतो म्हणून सांगितलं, पण बाबा ऐकेनात. "चाळीस वर्षं मी या शहरात पत्रं वाटली. एकही परत नेलं नाही. मला वाट सापडत नाही म्हणता?"

जुन्या शहरात ती कधी हरवली नव्हती, लहान असतानासुद्धा, कारण तिथे हरवताच यायचं नाही. कुठल्याही बोळात शिरा, तो दुसऱ्या बोळाला मिळायचा. एक वाट खणलेली असली तर शेजारची. तिला ऑफिसचे आकडे पाठ होते. जुन्या शहरात रस्त्यांची शंभर टोकं मोजली तर ब्याण्णव दुसऱ्या रस्त्यांना मिळायची, आठ भिंतीला. वडिलांची वसाहत बांधली त्या काळात ती सत्तरवर आली. हायवेच्या पलीकडच्या नव्या बांधकामांत चव्वेचाळीस. शहर वाढत गेलं तसे रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे होत गेले. खोडावर यायचं, मग फांदीवर, मग डहाळीवर, आणि शेजारच्या डहाळीवर जायचं तर परत खोडापर्यंत उतरायचं.

तिने त्यांना दोनदा सोबत नेऊन वाट दाखवली. वसाहतीतून हायवे, हायवेला फूटपाथ नाही म्हणून कडेच्या मातीतून, मग मोठं फाटक, पहिला टप्पा उजवीकडे सोडायचा, दुसरा डावीकडे, गोल चौक, मग तिसरा. बाबा काठीने कडा चाचपत मोजत होते. सोमवारी ते सव्वानऊला पोचले, घामाने निथळत, विजयी मुद्रेने. मंगळवारी साडेनऊला. तिने ऑफिसात उशिराची परवानगी मागितली. बुधवार, गुरुवार बरे गेले.

शुक्रवारी पावणेदहा झाले तरी ते आले नाहीत. फोन लागेना. चिमणी गॅलरीत भिंतीकडे बघत उभी होती. तिच्या लेखी टोपी अजून तिथूनच यायची होती. आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि मागच्या खिडकीतून सहज खाली बघितलं.

मागच्या बाजूला दुसऱ्या टप्प्याची एक गल्ली येऊन संपत होती. त्या गल्लीच्या टोकाशी, मधल्या भिंतीपासून चार पावलांवर, बाबा उभे होते.

"बाबा!"

त्यांनी मान वळवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. वर कुठून तरी हाक आली एवढं कळलं, कुठून ते कळेना.

"बाबा, मी इथे! वर! तिथेच थांबा, मी येते!"

चिमणी धावत आली, स्टुलावर चढली. "आबा! आबा, इकडे! इक-डे!"

तो आवाज ओळखून म्हातारा हसला. तिला तिसऱ्या मजल्यावरून हसणं दिसलं. मग ते आवाजाच्या दिशेने चालू लागले आणि भिंतीला थडकले. काठी वर करून त्यांनी भिंत किती उंच आहे ते चाचपलं.

"हलू नका बाबा! दहा मिनिटांत येते!"

दहा मिनिटांत कोण येणार होतं! पोरीला कडेवर घेऊन ती धावत सुटली तेव्हा तिला ठाऊक होतं की समोर दिसणाऱ्या त्या गल्लीच्या टोकाला जायला आधी आपल्या गल्लीतून चौक, चौकातून मोठा रस्ता, आणि मग दुसऱ्या टप्प्याच्या कमानीतून आत सात वळणं आहेत. नकाशात तिने ती स्वतः काढली होती. एकेका वळणाचा किती त्रिज्येचा वर्तुळखंड ते तिला सांगता आलं असतं. वाटेत रिक्षा नाही, माणूस नाही, दोन्हीकडे सारख्याच भिंती, सारखेच कुंड्यांचे कठडे. पोरगी सारखी विचारत होती, "आबा कुठेत? आत्ता तर होते."

गल्लीच्या टोकाशी पोचली तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती, आणि बाबा तिथे नव्हते.

ते सापडले दोन गल्ल्या सोडून, विजेच्या पेटीच्या चौथऱ्यावर बसलेले. गुडघ्यावर पँट फाटली होती. समोर दुसऱ्या टप्प्याचा वॉचमन उभा होता आणि वैतागलेला होता.

"तुमचे आहेत का हे? तासाभरात तिसऱ्यांदा याच गल्लीत आले. कोणाकडे जायचंय विचारतो तर सांगत नाहीत. इमारत कुठली, नंबर काय? काही नाही. म्हणे, मुलीकडे. आता मी कुठली मुलगी शोधू?"

तिने बाबांकडे बघितलं. त्यांनी मान बाजूला वळवून, म्हणजे नीट तिच्याकडेच, बघितलं.

"तुझा पत्ता मला ठाऊकच नाही गं," ते म्हणाले. "मी कधी विचारलाच नव्हता. मी आपला मागून यायचो."

आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते पाठ असलेला तो माणूस वॉचमनसमोर मान खाली घालून बसला. चिमणी त्यांच्या फाटक्या गुडघ्यावर फुंकर घालत होती.  

"मला घरी सोड," ते म्हणाले. "माझ्या घरी."

सोमवारी ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, "गुडघा दुखतोय." आठवड्याने म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात." मग त्यांनी कारण देणंही सोडलं. नवऱ्याने बाबांनाच आपल्याकडे राहायला आणू म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. "आणून ठेवलेला म्हातारा मला व्हायचं नाही. येणारा होतो तोवर ठीक होतं."

पोरगी फाटकाजवळच्या पाळणाघरात जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस दाराला लटकून रडली, मग गप्प झाली. ते गप्प होणं आईला जास्त टोचलं.

त्याच महिन्यात एका दुपारी, ऑफिसातले सगळे जेवायला गेलेले असताना, तिने संगणकाला दिलेला तो एक मीटरचा हुकूम शून्यावर आणला. मोठा नकाशा क्षणभर पांढरा झाला आणि पुन्हा उमटला. हायवेच्या पलीकडचं सगळं शहर तुटून पडलं. जिथे जिथे रस्ते मिळालेले दिसत होते तिथे केसाएवढ्या फटी. तिने एकेक मोठी करून बघितली. काही मोजणीदारांच्या चुका होत्या, त्या तिने वेगळ्या काढल्या. बाकीच्या शून्य पॉइंट नऊ. शून्य पॉइंट आठ. शून्य पॉइंट नऊ. खालच्या कोपऱ्यात यंत्राने मोजून दिलं: चारशे बारा.

चारशे बारा गल्ल्या. प्रत्येकीच्या पलीकडे कोणाचं काय असेल, या विचारापुढे तिला जाता येईना.

"हे काय केलंत?" साहेब पाठीशी उभे होते.

"खरा नकाशा आहे, सर. हायवेपलीकडे शंभरात चव्वेचाळीससुद्धा भेटत नाहीत. एकतीस भेटतात."

साहेब वाकून बघत राहिले.  मग म्हणाले, "वर पाठवलेल्या अहवालात एकूण शहराचा आकडा एक्क्याऐंशी गेलाय. उत्तम जोडलेलं शहर म्हणून. हे मी कुणाला दाखवू?"

"कुणाला तरी दाखवायला हवं."

"दाखवा. तुमच्या सहीने दाखवा. चार वर्षांचं काम तुमच्या नावावर आहे." आवाज चढला नव्हता. "नाही तर होतं तसं करा आणि जेवून घ्या."

ती पडद्याकडे बघत बसली. पाळणाघर सहाला बंद होतं. नोकरी गेली तर घर जातं, घर गेलं तर निदान त्या भिंतीच्या इतक्या जवळ असणंही जातं. तिने शून्याच्या जागी एक टाकला. फटी मिटल्या. शहर पुन्हा अखंड झालं, सुंदर दिसू लागलं. डबा उघडला, पण घास काही गेला नाही.

पुढे रविवारी बाबांकडे जायचं ठरलं. मग एक आड एक रविवार झाला. पोरीला घेऊन हायवेच्या मातीतून चालणं नको म्हणून दोन बस बदलून जायचं, पोरीला बस लागायची, आणि नवऱ्याचा सुट्टीचा एकच दिवस. तीन रविवार असेच गेले, एकदा ताप, एकदा पाहुणे, एकदा नुसताच कंटाळा, जो कोणी बोलून दाखवला नाही.

चौथ्या रविवारी गेले तेव्हा बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढली होती. टोपी नव्हती, बाहेर पडत नाही तर टोपी कशाला. बसमधून उतरलेली चिमणी मलूल होती. आईचा हात धरून पायरीपर्यंत आली आणि थांबली.

"आबा आहेत ना, जा," आई म्हणाली.

पोरीने त्या माणसाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, मान भलतीकडे वळवून रुसल्यासारखा बसला होता. ती आईच्या मागे सरकली आणि तिच्या ओढणीत तोंड लपवलं.

बाबांनी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला, जिथे पोरगी आता नव्हती तिथे.

"अगं, आबा!" तिने पोरीला पुढे ढकललं. "रोज यायचे ना तुझ्याकडे! विसरलीस?"

"नको ओढूस तिला," बाबा म्हणाले आणि हात मांडीवर घेतला. "दमली असेल. केवढ्या लांबून आलीय."